दोन पैशांची दक्षिणा
काशीत घडलेले विद्यार्थी आणि आजच्या विद्यार्थ्याचे अर्थनियोजन

वाराणसीचा दशाश्वमेध घाट मराठी माणसाला परका वाटत नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. आज दिसणारा हा दगडी घाट अठराव्या शतकात, १७४८ च्या सुमारास, बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या काळात बांधला गेला. पुढे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी त्याच शतकात काशी विश्वनाथाच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. दशाश्वमेधाच्या लगतच्या परिसरात त्यांच्या नावाचा घाट आहे. उत्तरेकडे चालत गेले की भोसले घाट आणि शिंदे घाट लागतात, आणि त्याहून पुढे दुर्गा घाट व ब्रह्मा घाट यांच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी कुटुंबांची घरे आढळतात.

घाटांबरोबरच राजेरजवाड्यांनी, सरदारांनी आणि सावकारांनी काशीत अन्नछत्रे उभारली. यात्रेकरू, संन्यासी आणि विद्यार्थी या तिघांच्या पोटाची सोय तेथे होत असे. न्याय, व्याकरण, वेदान्त शिकण्यासाठी महाराष्ट्रातून, कोकणातून, गोमंतकातून निघालेला तरुण खिशात फारसे काही नसतानाही काशीला जाण्याचे धाडस करू शके, ते या छत्रांच्या भरवशावर. आजच्या भाषेत सांगायचे तर छत्र ही त्या काळची विद्यार्थी साहाय्य योजना होती. अर्ज नव्हता, जामीनदार नव्हता, परतफेडही नव्हती.

आज काशीला जाणारा मराठी विद्यार्थी निराळ्या वाटेने जातो. बनारस हिंदू विद्यापीठातील प्रवेशासाठी परीक्षा देऊन, महानगरी किंवा कामायनी एक्स्प्रेसचे आरक्षण करून आणि बहुधा बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा मंजुरीपत्रक सोबत घेऊन तो निघतो. मात्र महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला त्याच्यापुढे उभा राहणारा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचाच असतो. हातात आहे तेवढ्यात कसे भागवावे, आणि भागवताना अभ्यासाला व प्रकृतीला धक्का कसा लागू देऊ नये? काशीत राहून गेलेल्या काही मराठी विद्यार्थ्यांच्या आयुष्यात या प्रश्नाची उत्तरे सापडतात. ती आजही उपयोगी पडावीत अशी आहेत.

पंधरा आण्यांचा महिना

२५ मार्च १९१६ रोजी बडोद्याच्या महाविद्यालयातील एक वीस वर्षांचा विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला. मुंबईला न जाता तो वाटेत सुरतेला उतरला आणि त्याने काशीची वाट धरली. विनायक नरहरी भावे हे त्याचे नाव. पुढे देशाने त्यांना विनोबा म्हणून ओळखले. घर सोडण्यापूर्वी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. त्यामुळे काशीत उपजीविकेसाठी दाखवायला कागदाचा एक तुकडाही त्यांच्याजवळ नव्हता.

विनोबांचा काशीतील मुक्काम जेमतेम दोन महिन्यांचा. दुपारचे जेवण अन्नछत्रात होई आणि जेवणानंतर दक्षिणा म्हणून दोन पैसे हाती पडत. त्या दोन पैशांची विभागणी ठरलेली होती. एका पैशाचे दही आणि एका पैशाची रताळी, एवढे रात्रीचे जेवण. त्या काळी चार पैशांचा एक आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे तीस दिवसांच्या रात्रीच्या जेवणाचा एकूण खर्च साठ पैसे, अर्थात पंधरा आणे. रुपयालाही एक आणा कमीच!

मात्र एवढ्यावर ते थांबले नाहीत. जागेचे भाडे आणि किरकोळ गरजा भागवण्यासाठी त्यांनी एका लहानशा खाजगी शाळेत इंग्रजी शिकवण्याचे काम पत्करले आणि त्याचा मोबदला मागितला महिना दोन रुपये. अधिक मागता आले असते. गरज तेवढीच होती, म्हणून मागणीही तेवढीच. उरलेला वेळ ग्रंथालयातील वाचनाला आणि संध्याकाळ गंगेच्या काठाला.

विनोबांचे वैराग्य हा सर्वांना पेलणारा मार्ग नव्हे आणि तसा आग्रहही येथे नाही. त्यांच्या हिशेबातील तीन गोष्टी मात्र कोणत्याही संसारी घरातील विद्यार्थ्याला घेता येतील. पहिली, रोजची मिळकत व रोजचा खर्च यांची सांगड त्यांनी आधीच घालून ठेवली होती. संध्याकाळी भूक लागल्यावर काय घ्यावे हा विचार करावा लागत नसे. दुसरी, दानावर मिळणाऱ्या जेवणाला त्यांनी स्वकष्टाच्या कमाईची जोड दिली. आणि तिसरी, त्या कमाईसाठी त्यांनी दिवसातला ठरावीक वेळच दिला. अभ्यासाचा वेळ त्यांनी विकला नाही.

विनोबांच्या काशीतील दिवसांची आणखी एक आठवण सांगितली जाते. त्यांना खोलीसाठी एक कुलूप हवे होते. दुकानदाराने वाजवी किमतीच्या काही पट रक्कम सांगितली. विनोबांनी घासाघीस केली नाही. किंमत जास्त सांगितली जात आहे हे आपल्याला कळते, एवढे सांगून त्यांनी मागितलेले पैसे दिले. पुढे रोज त्याच दुकानावरून त्यांचे जाणेयेणे होई. अखेर एके दिवशी दुकानदाराने त्यांना बोलावून जादा घेतलेली रक्कम परत केली. सर्वच दुकानदारांना असा पश्चात्ताप होईल या भरवशावर कोणी राहू नये. पण वस्तूची खरी किंमत ठाऊक असणे हा काटकसरीचा पाया आहे, हे या आठवणीतून नेमके दिसते. नव्या शहरात पोहोचलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात तांदूळ, डाळ, दूध, रिक्षा आणि खोलीभाडे यांचे प्रचलित दर चार ठिकाणी विचारून वहीत टिपून ठेवावेत. पुढचे सारे वर्ष ती वही पैसे वाचवते.

फुकटाची किंमत

विनोबांच्या पंधरा-सोळा वर्षे आधी आणखी एक मराठी विद्यार्थी काशीच्या छत्रांत जेवत होता. गोव्यातील साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेले धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाले. घरी पत्नी आणि लहान मुलगी होती. बौद्ध धर्माचा अभ्यास करायचा तर आधी संस्कृत पक्के हवे, म्हणून पुणे, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीला पोहोचले. सुमारे दोन वर्षे त्यांनी तेथे अध्ययन केले आणि १९०२ च्या प्रारंभी ते नेपाळच्या वाटेला लागले. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांतील हालअपेष्टांचे साधे, तक्रारीचा सूर नसलेले वर्णन केले आहे.

छत्रातले अन्न फुकट होते. पण त्याची किंमत निराळ्या नाण्यात मोजावी लागे. छत्राची वेळ पाळावी लागे. पंगत उठेपर्यंत तिष्ठावे लागे. कोणत्या छत्रात कोणाला बसू द्यायचे याचे जातीपोटजातीचे नियम असत. आज मिळाले ते उद्या मिळेलच याची शाश्वती नसे. शिवाय अर्धपोटी अभ्यासाचा भार प्रकृतीवर पडे तो वेगळाच. विनोबांबरोबर काशीला आलेल्या एका मित्राचा तर तेथेच आजारपणात मृत्यू झाला आणि तरुण विनोबांना गंगेच्या काठी त्याचे अंत्यसंस्कार करावे लागले.

महाराष्ट्रातही हीच परंपरा माधुकरीच्या आणि वारावर जेवण्याच्या रूपाने होती. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवून शिकलेल्या पिढ्यांनी पुढे मोठमोठी कामे उभारली. त्या घरांचे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. तथापि वारावर जेवणारा मुलगा कोणत्या वारी कोणत्या घरी खाली मान घालून बसला, हेही त्याला आयुष्यभर विसरता आले नाही.

याच अनुभवातून महाराष्ट्राने पुढची पायरी गाठली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील मुलांना सर्व जातींच्या एका पंगतीत बसवले. स्वतःचे अन्न स्वतः शिजवावे, शेतात वा बांधकामावर श्रम करावेत आणि त्यातून शिकावे, असा ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र त्यांनी दिला. पुण्यात अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ साली सुरू झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने खेड्यातून आलेल्या मुलामुलींना अल्प खर्चात निवास व भोजन देताना श्रमाची आणि स्वावलंबनाची अट घातली. साहाय्य घ्यावे, पण त्यात आपलाही वाटा असावा, ही त्यामागची दृष्टी होती.

आजच्या विद्यार्थ्याला फुकट छत्रात बसावे लागत नाही. पण फुकटाची किंमत त्याला अजूनही चुकत नाही. ‘पहिला महिना मोफत’ म्हणून घेतलेले वर्गणीचे करार दुसऱ्या महिन्यापासून खात्यातून आपोआप पैसे वळते करतात. ‘आता घ्या, नंतर द्या’ म्हणणाऱ्या उधारीवर विलंब आकार चढतो. मित्राच्या खोलीत महिनाभर फुकट राहणाऱ्याची मैत्रीच महागात पडते. म्हणूनच काहीही मोफत घेण्यापूर्वी त्याचा मोबदला नेमका कशात द्यावा लागणार आहे, पैशात, वेळेत की स्वातंत्र्यात, एवढा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

बचत, साहाय्य आणि कर्ज

धर्मानंदांच्या आणि काशीच्याही कथेत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव पुढे वारंवार येते. कलकत्त्यातील अधिक पगाराची नोकरी सोडून धर्मानंदांनी सयाजीरावांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य स्वीकारले, कारण त्यायोगे त्यांना महाराष्ट्रात राहून लेखन करता येणार होते. त्याची अटही होती. वर्षाकाठी एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहून द्यायचे. छत्रातील दानापेक्षा हे साहाय्य वेगळे होते. दोन्ही बाजूंना आपापले कर्तव्य स्पष्ट ठाऊक होते.

सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पुढे लंडनमधील अपुरा अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्यांनी केलेली आर्थिक तयारी प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करताना त्यांनी पगारातून पैसे शिल्लक टाकले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले. उरलेली तूट नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपयांचे कर्ज घेऊन भरून काढली. लंडनमध्ये अत्यंत काटकसरीने राहून त्यांनी अभ्यास पुरा केला. बचत, साहाय्य आणि कर्ज या तीन पायांवर उभी असलेली ही योजना होती. त्यांचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. आधी स्वतःची शिल्लक, मग मिळेल ते साहाय्य, आणि शेवटी उरलेल्या तुटीपुरतेच कर्ज.

पुष्कळ घरांत आज हा क्रम उलटा झालेला दिसतो. मुलाचा प्रवेश निश्चित झाला की प्रथम कर्जाची जास्तीत जास्त रक्कम किती मिळेल याची चौकशी होते. शिष्यवृत्तीची अंतिम तारीख तोवर टळून गेलेली असते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर केंद्र व राज्य शासनांच्या अनेक योजना एकाच ठिकाणी पाहता येतात. बारावीचे वर्ष सुरू होताच विद्यार्थ्याने तेथील अटी, उत्पन्नाचा दाखला आणि इतर कागदपत्रे यांची यादी करून ठेवणे हितावह ठरते.

स्वस्त काशी, महाग काशी

काटकसरीने राहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला काशी अजूनही सांभाळून घेते. विद्यापीठातील सयाजीराव गायकवाड ग्रंथालय हे त्याचे उत्तम उदाहरण. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या चिरंजिवांनी दिलेल्या ग्रंथसंग्रहातून १९१७ साली या ग्रंथालयाचा प्रारंभ झाला आणि सयाजीरावांच्या देणगीतून १९४१ मध्ये त्याची आजची भव्य इमारत उभी राहिली. दोन्ही देणग्या मराठी माणसांच्या! महागडी पाठ्यपुस्तके विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयाचा पत्ता शोधणारा विद्यार्थी प्रत्येक सत्रात मोठी रक्कम वाचवतो. पंखा, प्रकाश आणि शांतता मिळते ती वेगळीच.

दशाश्वमेधाच्या रस्त्यावरील भाजीबाजार, कोणत्याही गल्लीत मिळणारे सातूचे पीठ, हिवाळ्यातला ताजा वाटाणा आणि भाजक्या धान्याचा भुजा ही काशीची स्वस्त व सकस शिदोरी आहे. सकाळची कचोरी-जिलेबी आठवड्यातून एकदा आनंदाची, रोजची झाली की खिशाला आणि पोटाला दोन्हीकडे जड. तिघाचौघांनी मिळून स्वयंपाक केल्यास डब्याचा खर्च बराच कमी होतो. घरगुती गॅसजोडणीसाठी स्थानिक पत्त्याचा पुरावा नसेल, तर पाच किलोचा लहान सिलिंडर केवळ ओळखपत्र दाखवून अधिकृत विक्रेत्याकडे मिळतो. घरी जाण्यायेण्याच्या प्रवासासाठी रेल्वेच्या द्वितीय व शयनयान वर्गात विद्यार्थ्यांना पन्नास टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पंचाहत्तर टक्के सवलत आहे. त्यासाठी संस्थाप्रमुखांचे प्रमाणपत्र घेऊन तिकीट खिडकीवर जावे लागते. एवढ्या तासाभराच्या कष्टात शेकडो रुपये वाचतात. आणि संध्याकाळी दशाश्वमेधावरील गंगेची आरती पायऱ्यांवर बसून पाहायला तिकीट लागत नाही.

महाग काशीही तेथेच आहे. पर्यटकांसाठीची नौका, घाटाकडे पाहणाऱ्या गच्चीवरील उपाहारगृहे आणि गावाहून येणाऱ्या पाहुण्यांचा पाहुणचार! तीर्थक्षेत्री शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहुणे फार येतात. ‘तू तिथेच आहेस ना, मग दर्शनाची सोय कर’ असा निरोप घेऊन येणाऱ्या काका-मावशींनीही या मुलाचा महिना मोजून-मापून चाललेला असतो हे ध्यानात ठेवावे, आणि रिक्षाचे भाडे स्वतः द्यावे.

सोमवारचे खाते

महिन्याचा हिशेब संभाळण्याची एक सोपी पद्धत अशी. उदाहरणादाखल समजा, विद्यार्थ्याला दरमहा ९,००० रुपये मिळतात. पैसे जमा होताच खोलीभाडे व विजेचे ३,५०० रुपये द्यावेत आणि १,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकावेत. राहिले ४,५००, म्हणजे दिवसाला दीडशे. ही रक्कम एकदम हाताशी न ठेवता दुसऱ्या खात्यात दर सोमवारी १,०५० रुपये वळते करावेत आणि मोबाइलवरून देण्याचे सर्व व्यवहार केवळ त्याच खात्याला जोडावेत. चार सोमवारांचे ४,२०० होतात आणि महिन्याच्या अखेरच्या दोन दिवसांसाठी ३०० रुपये राखीव उरतात. शनिवारी खाते रिकामे झाले तर चूक दोन दिवसांत कळते. एरवी ती पंचविसाव्या तारखेला कळते, आणि तेव्हा उपाय हाती नसतो.

युपीआय २०१६ साली आले आणि सुट्या पैशांची कटकट संपली. त्याबरोबर पैसे हातातून जाताना होणारी जाणीवही बोथट झाली. रोज रात्री दिवसभरातील व्यवहारांची यादी वहीत उतरवून काढण्याची जुनी सवय म्हणूनच पुन्हा मोलाची ठरली आहे. किमान शिल्लक ठेवणे ज्यांना जमत नाही, त्यांना कोणत्याही बँकेत मूलभूत बचत ठेव खाते उघडता येते. तेथे शिल्लक कमी झाल्याचा दंड नाही.

आवर्ती ठेवीतील हजार रुपयांना मात्र हात लावू नये. दहा महिन्यांत जमणारे दहा हजार रुपये हे आजारपण आणि तातडीचा घरचा प्रवास यांसाठी आहेत. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाला ताप आल्यावर औषधाला पैसे नसणे यासारखी दुसरी लाचारी नाही. काटकसर कोठे थांबवायची हेही ठरवून ठेवले पाहिजे. दूध, फळे, औषध आणि चष्मा यांतून वाचवलेला पैसा पुढे दामदुपटीने जातो.

बेचाळीस रुपयांचे गणित

शैक्षणिक कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याने एक हिशेब जरूर समजून घ्यावा. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३ लाखांचे कर्ज आहे. पहिल्या वर्षी दीड लाख, दुसऱ्या वर्षी दीड लाख. व्याजदर हिशेबाच्या सोयीसाठी १० टक्के धरू. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पण व्याज थांबलेले नसते. सरळव्याजाने पहिल्या दीड लाखावर तीन वर्षांचे ४५,००० आणि दुसऱ्या दीड लाखावर दोन वर्षांचे ३०,००० असे एकूण ७५,००० रुपये व्याज साठते आणि परतफेड सुरू होताना कर्ज ३ लाख ७५ हजार झालेले असते. पाच वर्षांच्या परतफेडीत त्याचा मासिक हप्ता सुमारे ७,९७० रुपये येतो. हेच व्याज वेळच्या वेळी भरले असते तर कर्ज ३ लाखच राहते आणि हप्ता सुमारे ६,३७० रुपये. महिन्याला सोळाशे रुपयांचा फरक, पाच वर्षांत सुमारे ९६,०००. म्हणजे ७५,००० रुपये वेळेवर भरल्याने पुढचे ९६,००० वाचतात. शिवाय शिक्षणकाळात व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका व्याजदरात सवलत देतात.

पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला किती? १,२५० रुपये. दिवसाला सुमारे बेचाळीस. दोन जादा चहा आणि एक समोसा! सगळेच विद्यार्थी हे वाचवू शकतील असे नाही. पण दोन शिकवण्या घेऊन, विनोबांप्रमाणे दिवसाचा एक तास देऊन, हा भार उचलणे अनेकांना शक्य आहे. दुसऱ्या वर्षी तो दुप्पट होतो. तेव्हा आई-वडिलांनी थोडा हात द्यावा.

शासनाच्या योजनांमुळे हा भार काहींच्या बाबतीत हलका होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेनुसार निवडक दर्जेदार उच्च शिक्षण संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदार यांशिवाय कर्ज मिळू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास आणि इतर शिष्यवृत्ती वा व्याजसवलत नसल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्तेमुक्त काळात ३ टक्के व्याजसवलतीसाठी अर्ज करता येतो. दरवर्षीच्या लाभार्थींची संख्या मर्यादित असल्याने अर्ज वेळेत करणे अगत्याचे आहे. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हप्तेमुक्त काळातील व्याज शासनाने भरण्याची योजनाही आहे. आपली संस्था यादीत आहे की नाही, याची खात्री अर्जापूर्वी शाखेत करून घ्यावी. परतफेड सुरू झाल्यावर, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना व्याजाची पूर्ण रक्कम आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येते.

खाते भाड्याने नाही

विनोबांच्या कुलपाइतकीच आज एका कुलपाची काळजी प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यायला हवी. ते म्हणजे बँक खाते. ‘तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, काही टक्के तुला ठेव’ असे आमिष महाविद्यालयांच्या आवारात आणि मोबाइलवर दाखवले जाते. हे पैसे बहुधा कोणाची तरी फसवणूक करून मिळवलेले असतात. तपास सुरू झाला की खाते गोठवले जाते आणि पोलिसांच्या चौकशीला खातेदार सामोरा जातो. आमिष दाखवणारा तेव्हा सापडत नाही. नोकरीपूर्वीच्या पडताळणीच्या वेळी अशी नोंद आड आली तर दोन-पाच हजारांपायी चार वर्षांचे शिक्षण पणाला लागते. खाते, एटीएम कार्ड, सिमकार्ड आणि सांकेतिक क्रमांक कोणालाही, अगदी खोलीतल्या मित्रालाही, वापरायला देऊ नयेत. झटपट कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपपासूनही तितकेच दूर राहावे. अशी कर्जे फेडण्यासाठी नवी कर्जे काढणारा विद्यार्थी घरी सांगायला लाजतो आणि अधिकच गुरफटत जातो.

येथे पालकांची जबाबदारी मोठी आहे. ‘पैसे कसे संपले?’ हा प्रश्न रागाच्या सुरात विचारला की पुढच्या वेळी मुलगा विचारण्याआधीच उधार घेतो. महिन्यातून एकदा, फोनवर का होईना, मुलाचा हिशेब आणि घरचा हिशेब समोरासमोर मांडावा. घरात कर्ज किती, पगार किती, धाकट्या बहिणीची फी किती हे ज्या मुलाला ठाऊक असते त्याला काटकसर शिकवावी लागत नाही.

शाखेतील सेवकवर्गालाही या प्रक्रियेत मोलाचे स्थान आहे. कर्जाच्या कागदपत्रांवर सह्या घेताना हप्तेमुक्त काळातले व्याज कसे साठते हे पाच मिनिटे उदाहरणासह समजावून सांगणारा अधिकारी त्या कुटुंबाचे हजारो रुपये वाचवतो, आणि बँकेचे कर्जही वेळेवर फिटण्याची शक्यता वाढवतो.

काशीच्या छत्रांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना एक वेळचे अन्न दिले, आणि दुसऱ्या वेळेची व्यवस्था त्यांनी आपल्या बुद्धीने व श्रमाने केली. आजचे शैक्षणिक कर्ज आणि शिष्यवृत्ती हे त्या छत्राचे नवे रूप मानले, तर दुसऱ्या वेळेचा प्रश्न अजूनही विद्यार्थ्याच्या हाती आहे. ७ जून १९१६ रोजी विनोबा अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. तेथवर पोहोचेपर्यंत त्यांनी काशीत कोणाचे देणे ठेवल्याचे कोठे नमूद नाही. शिक्षण संपवून परतीच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत सारे व्यवहार लिहिलेले असावेत, कर्ज असेल तर त्याचा हप्ता त्याला तोंडपाठ असावा, आणि आवर्ती ठेवीतले दहा हजार शक्यतो न मोडलेले असावेत. नोकरीच्या पहिल्या महिन्याला, पगार होईपर्यंत, तेच उपयोगी पडतात.